सुटलेला चेंडू

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचे धाडस करतो, माफ करा. हळद शिजल्याचा वास आला की आमच्या किन्हीराजा गावातले सोयाबीन काढलेले वावर आठवते; तिथेच आम्ही रग्बीचा सराव करायचो. रग्बी लीगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी देशाचा संघ पात्रता फेरी खेळणार होता आणि त्याच्या निवड शिबिराला आमच्यातून एकच जाणार होता, मी किंवा माझा मित्र. त्या दिवशी धावताना त्याच्या हातून चेंडू सुटलेला मला दिसला. चेंडू हातात नसलेल्याला अडवायचे नसते. तरी मी खांदा त्याच्या छातीत घातला. त्याच्या खांद्याचे हाड कडकन मोडले, सोयाबीनच्या खुंटांवर त्याचा गाल फाटला. रक्त थुंकत तो म्हणाला, "रडून काहून राह्यला बे? तिथंही असाच घुसजो." त्याच्या आईने माझ्याकडे न बघता हळदीचा गरम लेप लावला. आजही त्याचा हात खांद्याच्या वर जात नाही. मी शिबिराची पिशवी भरत होतो, तेव्हा बातमी आली: पात्रता फेरी रद्द झाली, संघ जुन्या क्रमवारीवरूनच घेतले. त्यात आपला नव्हता, म्हणून शिबिरही होणार नव्हते.