ऑफ तासांची वही

परवा व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस, "आजी, आमच्या टीचर सांगतात, कॉम्प्युटर कधीच पार्शालिटी करत नाही." तुझा धाकटा भाऊ मागून मान डोलवत होता. मी "हो का, छान" म्हटलं आणि फोन ठेवला. मग दुपारभर स्वतःवरच चिडत बसले. छान काय त्यात? त्या वाक्यावर मला बरंच बोलायचं होतं आणि ते फोनवर जमणार नव्हतं, म्हणून लिहिते आहे. आईला वाचून दाखवायला सांगा. तिलाही यातलं निम्मंच ठाऊक आहे.

नाशिकच्या ज्या शाळेत मी गणित शिकवायची, तिथे दोन हजार सालाच्या आगेमागे सहा कॉम्प्युटर आले. ते शिकवायचे कुणी, असं मुख्याध्यापकांनी सभेत विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडे बघितलं. "बाई कॉन्व्हेंटच्या. इंग्रजी येतं म्हटल्यावर कॉम्प्युटर येणारच." सगळ्यांना ते पटलं. मग पन्नाशीला आलेली मी कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये पोरासोरांच्या शेजारी बसून बेसिक नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. इकडे शाळेने शिवणाच्या तासाला सहाही यंत्रांना फुलाफुलांची गलेफं शिवून घेतली. चपला दाराबाहेर, किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. एका यंत्रामागे आठ मुलं. एकाने बटणं दाबायची आणि बाकीच्यांनी वहीत स्क्रीनचं चित्र काढायचं, पट्टीने. त्या चित्रांना मी दहापैकी गुण द्यायची. पट्टी न वापरल्यास एक गुण कापायची.

त्या काळात मी पर्यवेक्षिकाही होते. म्हणजे एखादे शिक्षक रजेवर असले की त्यांच्या वर्गावर दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं काम माझं. त्याला ऑफ तास म्हणत. रोज सकाळी मी एका लांबट वहीत लिहायची, कुणी कुठल्या वर्गावर जायचं ते, आणि शिपाई ती वही सह्यांसाठी फिरवायचा. आपला मोकळा तास गेला म्हणून सही करताना प्रत्येकाचं तोंड वाकडं. माझ्या वहीत खाडाखोड नसायची. तारखा लाल शाईत, नावं निळ्या. मला त्या वहीचा अभिमान होता, हे मुद्दाम लिहून ठेवते.

नववीत एक मुलगी होती. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा गुलाबाचा आणि झेंडूचा मळा. वडील पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचे आणि येताना तिला शाळेत सोडायचे. त्यामुळे ती शाळा भरायच्या तासभर आधी यायची आणि कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर पायरीवर बसून असायची. तिला बटणं दाबायची होती, चित्रं काढायची नव्हती. आठ जणांत तिचा नंबर कधी लागायचाच नाही. मी किल्ली मागून घेतली आणि तिला सकाळचा तो तास दिला. महिन्याभरात ती माझ्यापुढे गेली. मी पुस्तकातले प्रोग्रॅम उतरवून घ्यायची, ती स्वतःचे लिहायची.

एकदा मी वही भरत असताना ती खांद्यावरून बघत होती. "बाई, हे तुम्ही कसं ठरवता?"

"डोक्यात असतं सगळं."

"आमच्याकडं फुलं तोडताना कुणाच्या किती सऱ्या झाल्या ते मी ध्यानात ठेवते. नायतर चुलतभाऊ लय लबाडी करतात." मग वहीवर बोट ठेवून, "याचा प्रोग्रॅम करू?"

तिने तो केला. प्रत्येक शिक्षकाचं वेळापत्रक आत घातलं. जूनपासूनच्या माझ्या वहीतले सगळे ऑफ तास एकेक करून टाइप केले, सुट्ट्या सोडून दोन महिने रोज सकाळी. आज कोण गैरहजर ते सांगितलं की यंत्र उत्तर द्यायचं, मोकळं कोण आहे आणि त्यातल्या कुणाला आतापर्यंत सगळ्यात कमी तास आले आहेत. मी हरखून गेले. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेकडून दरवर्षी थर्माकोलचा ज्वालामुखी जायचा. या वेळी हा प्रोग्रॅम जाईल, असं मी जाहीर करून टाकलं. त्या दिवसापासून ती मुलगी चालायचीच वेगळं. मान वर करून.

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी तिने प्रिंटरवर एक यादी छापून आणली. शिक्षकांची नावं हजेरीपटाच्या क्रमाने आणि प्रत्येकापुढे चांदण्या, एका ऑफ तासाला एक. मी काय बघितलं सांगू? नावांच्या कडा एका रेषेत आल्या आहेत का, ते. आल्या होत्या. मी "शाबास" म्हटलं आणि तो कागद शिक्षकखोलीच्या फलकावर चार टाचण्यांनी लावला.

मधल्या सुट्टीत मी खोलीत शिरले तर डबे उघडलेले आणि कुणी जेवत नाही.

"बाई, हे नक्षत्रांचं काय प्रकरण?" भूगोलाचे सर म्हणाले. ते संस्थेच्या अध्यक्षांचे भाचे. त्यांच्या नावापुढे एकही चांदणी नव्हती.

"नववीतली पोर आमचा हिशोब मांडणार आता?" हे चित्रकलेचे सर. त्यांना एक होती.

विज्ञानाच्या बाई माझ्या मैत्रीण, वीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. त्यांना तीन. त्यांनी नुसता डबा बंद केला.

आणि सगळ्यात खाली एक नाव होतं, त्याच्यापुढच्या चांदण्या कागदाच्या कडेपर्यंत जाऊन दुसऱ्या ओळीवर उतरल्या होत्या. ती आमची शिक्षणसेविका. नामपूरहून आलेली, पंचवटीत खोली घेऊन राहणारी, तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर. कायम होईपर्यंत तिला कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती. ती कोपऱ्यातून उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, काढा ना तो कागद. यांना वाटेल मीच सांगितलं तिला."

मी कागद काढला. माझं नाव वरून दुसरं होतं. पुढे दोन चांदण्या.

मी कुणावर मेहेरनजर केली होती असं नाही. मी फक्त वाद टाळत होते. जे भांडतील त्यांना वगळायचं, जे भांडणार नाहीत त्यांना पाठवायचं, रोज, लाल आणि निळ्या शाईत. याला मी शिस्त म्हणत होते.

मुलीला विचारलं, "ही यादी कशाला छापलीस तू?"

"पुढचा तास कुणाला द्यायचा ते ठरवायला आधीचे मोजायला लागतात ना, बाई. मोजले होते, म्हणून छापले." तिला खरंच काही कळलं नव्हतं. किंवा सगळं कळलं होतं. मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. आवाज अगदी गोड. "मॅडम, प्रोग्रॅम उत्तम आहे. जाऊ द्या ना प्रदर्शनात. फक्त तेवढे आकडे सारखे करून घ्या. सगळ्यांना समान दिसले म्हणजे शाळेचंही नाव राहील. नाहीतर ज्वालामुखी तयारच आहे. आणि मग सकाळची किल्लीही बंद. तक्रारी आल्यात."

बाहेर व्हरांड्यात मुलीचे वडील उभे होते. त्यांनाही निरोप गेला होता. रिकामी करंडी पायाशी, सदऱ्यावर झेंडूच्या पाकळ्या. "बाई, चुकलं आसंल तर कान धरा तिचा. पन ते मशिन बंद नका करू. घरी दुसरं बोलनं नाय तिचं. दहावीनंतर डिप्लोमाला टाकतो म्हनालोय मी तिला."

"तिचं काही चुकलेलं नाही," मी म्हणाले. एवढं तरी म्हणाले.

पण पुढे केलं ते हे. मी तिला खोलीत नेलं, दार लावलं आणि सांगितलं, आकडे बदल. प्रदर्शनात जायला मिळेल, किल्ली राहील, डिप्लोमाच्या वेळी प्रमाणपत्र उपयोगी पडेल. तुझ्या भल्याचं आहे. हे वाक्य मोठी माणसं कधी वापरतात ते लक्षात ठेवा.

"सगळ्यांना सारखे द्यायचे?"

"हो."

"मग मोजायचं कशाला, बाई?"

मी तिची खुर्ची पुढे सरकवली. ती यंत्राकडे वळली. भूगोलाच्या सरांना अकरा. चित्रकलेच्या सरांना अकरा. शिक्षणसेविकेचे कमी करून अकरा. दोन महिन्यांचं काम तिने पाच मिनिटांत खोटं केलं. मग हात थांबले. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुमच्या पण वाढवू का?"

मी हो म्हणाले.

प्रदर्शनाच्या सकाळी तिच्या वडिलांनी फुलांच्या टेम्पोतून कॉम्प्युटर नेला, गोधडीत गुंडाळून, झेंडूच्या क्रेटमध्ये बसवून. परीक्षक आले, चष्मा वर करून यादीकडे बघत राहिले. "सगळ्यांना अकरा? म्हणजे तुमच्या शाळेत आधीच सगळं समान आहे. मग हा प्रोग्रॅम करतो काय?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. उत्तर तिला येत होतं. तिला फक्त माझी परवानगी हवी होती, नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

मी म्हणाले, "तिने खूप मेहनत घेतली आहे, सर."

"ते दिसतंच," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे दुसऱ्या कुठल्या तरी शाळेचा ज्वालामुखी धूर सोडत होता.

सोमवारी तिने माझ्या टेबलावर फ्लॉपी ठेवली. "ही शाळेची."

"असू दे तुझ्याकडे."

"घरी कुठं लावू?" आणि ती वर्गावर गेली. फ्लॉपीत दोन फायली होत्या. एकीला तिने SHALA नाव दिलं होतं, दुसरीला KHARE.

त्यानंतर ती सकाळी पायरीवर बसली नाही. किल्ली माझ्याकडे होती, खोली उघडी असायची. कॉम्प्युटरच्या तासाला ती आपल्या गटात मागे उभी राहायची आणि वहीत स्क्रीनचं चित्र काढायची, पट्टीने, एकही रेघ वाकडी नाही. मी दहापैकी दहा दिले. माझेच नियम होते. दहावीनंतर ती कुठे गेली, डिप्लोमाला गेली की नाही, मी विचारायला हवं होतं. वडील पुढेही फूलबाजारात दिसायचे. मी दुसऱ्या बाजूने जायची.

मग मला जोर आला, अगदी उशिरा. मी मुख्याध्यापकांना सांगितलं की यापुढे ऑफ तास तिच्या खऱ्या प्रोग्रॅमवर लागतील आणि पहिला मी घेईन. त्यांनी हात पुढे केला. "वही द्या इकडे, मॅडम. तुमच्यावर ताण पडतोय." वही भूगोलाच्या सरांकडे गेली. ते ती पेन्सिलीने भरायचे. शिक्षणसेविका आधीसारखीच वर्गावर्गांवर पळत राहिली.

तेव्हा तुमच्या टीचरना सांगा, कॉम्प्युटर पार्शालिटी करत नाही हे खरं आहे. आमच्याही यंत्राने केली नव्हती. त्याने मोजायला सांगितलेलं मोजलं आणि नंतर खोटं बोलायला सांगितलं तेव्हा तितकंच नीट खोटं बोललं. सांगणारी मी होते.

फ्लॉपी वाचणारं यंत्र आता घरात नाही. फलकावरून काढलेला तो पहिला कागद मात्र माझ्या कपाटात आहे, चार कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं आहेत. नावांवर पट्टी ठेवून त्याची झेरॉक्स काढली आहे आणि या पत्रासोबत पाठवते आहे. वरून दुसरी ओळ माझी. चांदण्या मोजा.