आमच्याकडं कामाला होती

तेलगावच्या वनमालानं लग्नानंतरचे कितीतरी हंगाम ऊसतोडीत काढले. दिवाळी उरकली की ती आणि नवरा हनुमान, दोघं टोळीबरोबर कोल्हापूरकडं निघायचे, ते उन्हं तापल्यावरच परतायचे. टोळीतल्या बहुतेकांची पोरं आईबापामागं फडावर जायची आणि त्यांची शाळा तिथंच सुटायची. वनमालाच्या तेजश्रीची सुटली नाही, ती छबुबाईमुळं.

छबुबाई तेलगावात त्यांच्या शेजारीच राहायची. नवरा लवकर गेलेला, पदरात पप्पू नावाचा एक मुलगा. ती आणि वनमाला एकाच टोळीत ऊस तोडायच्या. एका वर्षी मोळी उचलताना छबुबाईची कंबर धरली. पुढच्या हंगामाला ती म्हणाली, मी काही आता येत नाही, पोरीला माझ्याजवळ ठेव. तेव्हापासून दर साली अर्धं वर्ष तेजश्री तिच्याकडं वाढली. छबुबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण पोरीचं वाचून होईस्तोवर ती शेजारी बसून राहायची. तेजश्री तिला मोठी आई म्हणायची.

पुढं हनुमान ट्रॅक्टर चालवायला शिकला, कारखान्याला ऊस वाहू लागला, आणि वनमालाचा कोयता सुटला. पप्पू सेंट्रिंगच्या कामाला अंबाजोगाईला गेला आणि आईलाही घेऊन गेला. तेजश्री दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. अकरावी सायन्सला अंबाजोगाईत प्रवेश मिळाला तेव्हा हनुमाननं ठरवलं, की वनमालानं तेजश्री आणि धाकट्या सत्यमला घेऊन तिथंच राहावं. तसाही तो अर्धं वर्ष ट्रॅक्टरवरच असायचा.

खोली बघायला वनमाला गेली, तेव्हा छबुबाई कंबर धरून दिवसभर तिच्याबरोबर फिरली. कॉलेजजवळच्या खोल्या पोरांनी भरलेल्या, त्यात वयात आलेली पोरगी कुठं ठेवायची. स्टँडकडं गाड्यांचा आवाज दिवस-रात्र. शेवटी छबुबाई तिला गावाबाहेर डोंगराच्या अंगाला, स्वतःच्या वस्तीत घेऊन गेली. पत्र्याच्या खोल्यांची ओळ, ऊसतोड सोडून आलेली, बांधकामावर जाणारी माणसं. छबुबाईच्या शेजारची खोली रिकामी होती.

"हितं ये," छबुबाई म्हणाली. "पोरांकडं मी बघते, तू शिलाईचं काम धर. आपली माणसं हायेत सगळी."

वनमाला बघते म्हणाली आणि निघाली. पण येताना तिनं शिक्षक कॉलनी बघितली होती. तिथं एका गच्चीवर तेजश्रीच्या वयाची मुलगी पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालत होती, खाली कुणी तिला हाक मारत नव्हतं की पाणी भरायला सांगत नव्हतं. आपल्या पोरीनं असंच शिकावं, असं वनमालाला वाटलं. त्यात काही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी ती छबुबाईला न सांगता एकटीच कॉलनीत गेली.

घर भगवानरावांचं. गावाकडं मोठी बागायती शेती, पूर्वी पंचायत समितीत होते. खोल्या दाखवायला त्यांची बायको चंद्रभागाबाई वर आली. मालक काय करतात, असं तिनं विचारलं.

"कारखान्यावर असतात," वनमाला म्हणाली.

"कारखान्यात नोकरी म्हणजे बरं असतं," चंद्रभागाबाई म्हणाली. वनमालानं ते तसंच राहू दिलं.

कॉलेजपासून जवळ पडतं म्हणून तिथं खोली घेतली, असं तिनं छबुबाईला फोनवर सांगितलं. बरं केलंस, एवढंच छबुबाई म्हणाली.

सामान लावून झालं आणि थोड्याच दिवसांत छबुबाई पत्ता विचारत कॉलनीत आली. विटलेलं लुगडं, पायात काही नाही, डोक्यावर गाठोडं. त्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तेजश्रीला आवडतात म्हणून तिळाच्या पोळ्या. ओट्यावर चंद्रभागाबाई शेजारणींबरोबर गहू निवडत बसली होती. तिनं कोण पाहिजे म्हणून विचारलं. आवाज ऐकून वनमाला जिन्यानं खाली आली. बायांच्या नजरा छबुबाईच्या पायांवरून आपल्याकडं वळलेल्या तिला दिसल्या.

"कोण या?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

"गावाकडची हाय," वनमाला म्हणाली. "आमच्याकडं कामाला होती."

छबुबाईनं तिच्याकडं बघितलं. क्षणभरच. मग तिनं गाठोडं पायरीवर ठेवलं, जिन्याखालचा झाडू उचलला आणि वरपासून खालपर्यंत सगळा जिना झाडून काढला. झाडून झाल्यावर म्हणाली, "अजून काय काम हाय का, बाई?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. वनमालाला या खोट्याची गरज आहे, म्हणजे ते निभावून नेलं पाहिजे, एवढंच तिला समजलं होतं. टोमणा असता तर वनमालाला सोसला असता. जिन्याच्या वरच्या टोकाला तेजश्री उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी तिनं पोळी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघताना म्हणाली, "मला वस्तीतच राहायचं होतं. तू विचारलं न्हाईस."

एवढ्यावर निभावलं असतं. पण चंद्रभागाबाईची कामवाली त्याच महिन्यात काम सोडून गेली आणि तिला छबुबाईची आठवण झाली. तुमची बाई जिना काय लख्ख झाडते, तिला आमच्याकडं पाठवा, असं ती वनमालाला म्हणाली. ती लांब राहते, तिची कंबर दुखते, असं काहीबाही वनमाला सांगत राहिली. चंद्रभागाबाईनं बाजारात छबुबाईलाच गाठून विचारलं. पावसानं पप्पूचं काम बंद होतं. छबुबाई हो म्हणाली.

आता रोज सकाळी खाली भांड्यांचा आवाज यायचा आणि वरच्या खोलीत वनमाला ऐकत बसायची. छबुबाई जाईपर्यंत ती नळावर उतरायची नाही. समोर आलीच, तर छबुबाई चारचौघांत तिला तुमी म्हणायची. एकदा चंद्रभागाबाईनं छबुबाईला पायरीवर बसवून वेगळ्या कपात चहा दिला आणि वनमालाला म्हणाली, "तुमच्याकडंही असंच असेल ना?" वनमालानं मान हलवली. ती मान आपण का हलवली, हे तिनं नंतर स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं.

गौरी-गणपतीच्या आधी चंद्रभागाबाईनं साफसफाई काढली होती. छबुबाईच्या हातून काचेची बरणी निसटून फुटली. चंद्रभागाबाई वैतागली आणि तिनं जिन्याखालून वनमालाला हाक मारली. वनमाला आली तेव्हा छबुबाई काचा गोळा करत होती.

"तुम्हीच सांगा हिला चार शब्द," चंद्रभागाबाई म्हणाली. "तुमच्या सवयीची आहे."

छबुबाई उठून उभी राहिली आणि मान खाली घालून बोलणी खायला थांबली. वनमालाला तिच्या बोटावरचं रक्त दिसलं.

"ही आमच्याकडं कधीच कामाला नव्हती," वनमाला म्हणाली. "आमी दोघींनी एका टोळीत ऊस तोडलाय. मी फडावर असायची तवा माझी पोरगी हिनं सांभाळली. हिच्यामुळं ती शिकली. मी खोटं बोलले."

चंद्रभागाबाईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "पण का? ऊस तोडत होतात म्हणून मी खोली नाही दिली असती का?"

दिली असती की नसती, हे वनमालाला माहीत नव्हतं. तिनं खरं सांगून बघितलंच नव्हतं. ती खाली बसली आणि काचा वेचू लागली.

चंद्रभागाबाई आत गेल्यावर छबुबाई हळूच म्हणाली, "कशाला बोललीस? माझं काम गेलं म्हंजे?"

हे वनमालाच्या डोक्यातच आलं नव्हतं. खोटं बोलताना तिनं स्वतःचा विचार केला होता आणि खरं बोलतानाही स्वतःचाच.

काम गेलं नाही. चंद्रभागाबाईनं खोली सोडायलाही सांगितलं नाही, फक्त वनमालाशी आधीसारखं ओट्यावर बसून बोलणं कमी केलं. संध्याकाळी वनमाला वस्तीत गेली आणि छबुबाईला म्हणाली, आम्ही इकडं राहायला येतो. शेजारची खोली केव्हाच भरली होती. दारात एका लेकुरवाळ्या बाईचं धुणं वाळत होतं.

"तवा आली असतीस तर लई बरं झालं असतं," छबुबाई म्हणाली. "आता ऱ्हाऊ दे. पोरीचं बारावीचं वर्ष येतंय, मधीच हलवू नको."

वनमाला आणि पोरं आजही कॉलनीतच आहेत. तेजश्री बारावीला आहे आणि दर रविवारी पुस्तकं घेऊन वस्तीत जाते, संध्याकाळी परत येते. वनमालानं शिलाई मशीन घेतलं आहे. छबुबाई खालचं काम आटोपून कधी वर येते, चहा घेते, पोरांची चौकशी करते. कधी मात्र येत नाही, सरळ फाटकातून निघून जाते. अशा दिवशी वनमाला जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहते. हाक मारावी असं तिला वाटतं, पण तोंडून हाक निघत नाही. छबुबाई कोपऱ्यावरून वळली की ती पुन्हा मशीनवर येऊन बसते.