भाकरी का फुगते

"मला माहीत नाही. बघू या."

आमच्या शाळेतल्या बाई दिवसातून दहादा हे म्हणायच्या. म्हणताना खडूचे हात पदराला पुसायच्या आणि उठायच्या. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील; एक वाक्य आठवलं की अख्खं माणूस समोर उभं राहतं.

मी चौथी शिकलेला. सोनईजवळ आमची वस्ती. वस्तीवरच्या शाळेत माझी बायको पोरांची खिचडी शिजवायची, मी पाणी भरायचो. म्हणून बाई रोज नजरेसमोर.

एका खोलीत दोन वर्ग. इकडं चौथीला विज्ञान सांगावं तर तिकडं तिसरीची मारामारी. मध्येच मोबाईलवर वरून निरोप, अमकी माहिती आत्ता भरा. विज्ञानाची पेटी होती, पण कपाटात, कुलपात. "काच फुटली तर तपासणीला जबाब कोण देणार?" हेडसर म्हणायचे. पेटी नवी आली ती नवीच राहिली.

एकदा एका पोरीनं विचारलं, "बाई, भाकरी फुगती तव्हा आत काय जातं?"

"मला माहीत नाही. बघू या." हात पुसले आणि सगळा वर्ग शाळेतल्या आमच्या स्वैपाकखोलीत.

"मावशी, आज तुम्ही शिकवा."

"अगं बया, मला सही सुदिक येत न्हाई!" बायको लाजली. पण दुसऱ्या दिवशी घरून पीठ नेलं, भाकरी थापली. फुगल्यावर कडेला टोचली. बाईंनी त्या पोरीला वर पाटी धरायला लावली. पाटीवर थेंब जमले.

"पानी हाय, पानी!" पोरगी ओरडली. "आत काय गेलंच न्हाई, आतलंच भाईर आलं!"

मला मात्र राग आला. पालकांच्या बैठकीत पाणी द्यायला होतो, तिथंच बोललो, "पगार घेती आन् म्हाईत न्हाई म्हनती. असली मास्तरीन काय कामाची?" हेडसरांनी सांगितलं, पुस्तकातलंच शिकवा. स्वैपाकखोलीतला वर्ग बंद झाला.

घरी बायकोनं ताट आदळलं. "त्यांना समदं ठावं हुतं. पोरांनी बघावं म्हनून म्हनत्यात तसं. तुमाला मातर न बघताच समदं कळतं."

चार दिवस ताट तसंच आदळत राहिली. पाचव्या दिवशी शाळेत पाणी भरलं आणि बाईंच्या वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिलो. "बाई, चुकलं माजं. बैठकीत बी सांगतो." पुढच्या बैठकीत सांगितलंही. बाई एवढंच म्हणाल्या, "काका, उद्या पाटी धरायला या."

पुढच्या वर्षी बायको आजारी पडली. दवाखान्यातून घरी आणली. येणारा-जाणारा म्हणायचा, काय होत न्हाई, उठून बसंल. बाई आल्या तेव्हा मी दारातच अडवलं. "खरं सांगा. उठंल का ती?"

बाईंचे हात पदराकडं गेले.

"मला माहीत नाही, काका."

बघू या म्हणाल्या नाहीत. भाकरीचं त्यांना ठाऊक होतं. हे ठाऊक होतं का, ते मी विचारलं नाही. पण एवढ्या माणसांत मला त्यांचाच आधार वाटला. आठव्या दिवशी बायको गेली.

मग बाईंची बदली झाली. निरोप घ्यायला आल्या तेव्हा मी चुलीपुढं होतो. तव्यावर माझी भाकरी, पापडासारखी.

"का फुगत नाही, काका?"

"मला म्हाईत न्हाई."

बाई खाली बसल्या, पदर खोचला. "बघू या."

पिठात गरम पाणी घालायला लावलं. कडा जाड राहते, मधे चीर पडते, ते दाखवलं. तीन भाकरी केल्या, एकही फुगली नाही. बाहेर त्यांचे मालक मोटारसायकलचा हॉर्न वाजवत होते. बाई पिठाचे हात पदराला पुसत उठल्या.

काल एक फुगली. टम्म. दाखवायला घरात कुणी नव्हतं. मला टोचवेना. बघत बसलो तोवर वाफ आपोआप निघून गेली.