नाव नसलेल्या पोराचं पान

सत्यवतीने एखादी गोष्ट मनावर घेतली की आमच्या तोंडवली गावात तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. मी तीस वर्षं शाळेत पोरांना वळण लावलं. पण ही बाई माझ्याच पायरीवर माशांची टोपली उतरवते आणि मला नको असलेले बांगडे घ्यायला लावते.

निवृत्तीनंतर मी घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देऊ लागलो. २००४ च्या उन्हाळ्यात इटलीच्या एक बाई जाताना मला एक छापील चित्र देऊन गेल्या. तिकडच्या कुठल्याशा जुन्या सरदार घराण्यातलं तीन-चार वर्षांचं मूल, गळ्याशी ताठ झालर, अंगात मोत्यांचा पायघोळ झगा. मी ते ओटीवर लावलं.

"गुरुजी, ह्यां पोर कोणाचां?" सत्यवतीने विचारलं.

"कोणाक ठावक नाय गो. चेडू की झील, तांय ठावक नाय." मुलगी की मुलगा, हेही चित्राखाली लिहिलेलं नव्हतं.

"इतकी मोत्यां घातल्यानी, आणि नाव कोणी लिवक नाय?" ती चित्रासमोरच खाली बसली.

तिची पहिली मुलगी जन्मानंतर नवव्या दिवशी गेली होती. बारसं झालं नाही, म्हणून नाव नाही. आणि त्यांच्या घरची रीत अशी, की पितृपक्षात म्हाळाला घरातल्या थोरल्याने गेलेल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि मग त्याचं पान वाढायचं. सव्वीस वर्षं सत्यवती सगळ्या पितरांसाठी रांधत होती. तिच्या लेकीला मात्र शीतभरही मिळालं नव्हतं.

"ह्या पोराचांय माझ्या चेडवासारख्यांच," ती म्हणाली. "औंदा म्हाळाक ह्याचां पान मी वाढतलंय."

तिचे थोरले दीर भाई हे ऐकून हसले. "परमुलखातलां पोर आमच्या म्हाळाक? बरां, नाव सांग, वाढतंय!"

झालं. बाईने मला समोर बसवून इटलीच्या त्या बाईंना पत्र लिहायला लावलं. मीही मुकाट लिहिलं. पितृपक्षाच्या तोंडावर उत्तर आलं: जाणकारांनी जुने कागद धुंडाळले, नाव कुठेच सापडलं नाही. मला वाटलं, आता तरी ती नाद सोडील.

"म्हणजे नाव ठेवक कोणाची आडकाठी नाय," असं म्हणून तिने टोपली उचलली.

म्हाळाला मला जेवायचं बोलावणं होतं. भाई एकेकाला नावाने हाक मारत होते, पानं वाढली जात होती. शेवटी सत्यवतीने एक जादा पान आणून ठेवलं.

"ह्यां कोणाचां?" भाईंनी विचारलं.

"गुरुजींच्या चित्रातल्या पोराचां."

"नाव?"

"सावित्री."

दाराशी बसलेला तिचा नवरा रामचंद्र ताडकन उठला. आता हा बायकोवर ओरडणार, असं मला वाटलं. पण तो भावाला म्हणाला, "भाई, तां आमच्या चेडवाचां नाव. बारशाक ठेवक आमी दोघांनी ठरवललां. कोणाक सांगूक नाय."

सत्यवती पानापासून हलली नाही. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवले नाहीत.

मग भाईंनी स्वतःच्या हाताने त्या पानावर भात वाढला, अंगणाकडे तोंड केलं आणि बाकी कोणासाठी काढला नव्हता एवढा आवाज काढून हाक मारली, "सावित्री! ये गो बाय, जेवक ये!"