झुल्यावरची बाई

माझी एक वस्तू नवऱ्याच्या चित्रात आहे, हे मला पटलं ते प्रदर्शनाच्या उद्घाटनाला, एका अनोळखी बाईने तिच्यावर बोट दाबलं तेव्हा.

नवरा चित्रकार आहे. मी कचेरीत नोकरी करते. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली त्याची. तिच्यात पत्र्याचे तुकडे, साड्यांचे काठ, फुटक्या बांगड्या, सायकलच्या साखळ्या असं काय काय साठलेलं असतं. तो नुसता रंगवत नाही. कॅनव्हासवर वस्तू चिकटवतो, शिवतो, ठोकतो. गेली काही वर्षं त्याने एकच विषय धरला होता, सर्कस. लहानपणी गावी, देवळ्याला, पाहिलेली सर्कस त्याच्या डोक्यातून गेलीच नाही. बाकीची पोरं वाघ-सिंहांच्या गोष्टी सांगायची, आणि हा झुल्यावरच्या बाईच्या. ती हात सोडून देते, आणि पलीकडचा हात येईपर्यंत कुणाचीच नसते, असं तो म्हणायचा.

माझ्या आजारपणात तो फार चांगला वागला. हे आधी सांगायला हवं. माझा उजवा स्तन काढावा लागला. त्यानंतर ड्रेसिंग त्यानेच केलं, वेण्याही त्यानेच घातल्या, वाकड्यातिकड्या. कचेरीत परत जायची वेळ आली तेव्हा मी एक पिशवी शिवली. जुन्या परकराचं मऊ कापड घेतलं, आत कापूस आणि वजनासाठी मोहरी भरली. लेक तान्ही असताना तिच्यासाठी मोहरीची उशी शिवली होती, तशीच. ती पिशवी ब्लाउजच्या आत ठेवून मी कित्येक महिने कामावर गेले. पुढे दुकानातून तयार मिळते तशी आणली आणि ही शिलाई मशीनच्या खणात टाकली. कचेरीत माझ्या ऑपरेशनबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं. ‘पोटाचं होतं’ एवढंच मी सांगितलं होतं.

उद्घाटनाला कचेरीतल्या तिघी आल्या होत्या. देवळ्याहून थोरले दीर आले होते. मधल्या भिंतीवरच्या मोठ्या चित्रासमोर उभे राहून ते नवऱ्याला म्हणाले, “अरे, ही तर आपल्या कांद्याची गोणी हाय!” सगळे हसले. झुल्याखालची जाळी खरोखरच कांद्याच्या लाल गोणीची होती. जाळीखाली विदूषक, हात वर करून, खाली पडणाऱ्याची वाट पाहत उभा. त्याचा चेहरा नवऱ्याचा. वर, तंबूच्या टोकाजवळ, झुला सोडलेली बाई. तिचे केस सुतळीचे, कपडे टिकल्यांचे. आणि छातीवर, उजव्या बाजूला, माझी पिशवी.

मी ओळखली, पण क्षणभर मनाने मानलं नाही. परकराचं फिकट गुलाबी कापड, माझीच हातशिलाई, कोपऱ्यात दोरा संपल्यामुळे मारलेली गाठ.

नवरा बोलत होता. “तंबू म्हणजे घर. रोज उभारायचं, रोज सांभाळायचं. विदूषकाला वाटतं तो झेलणार आहे. पण खरं धाडस वरच्या बाईचं आहे. हात लावून बघा, हे चित्र हाताने बघायचं आहे.”

तेव्हाच त्या बाईने बोट दाबलं. “अय्या, आत दाणे आहेत!” मग माझ्या कचेरीतल्या एकीने दाबून पाहिलं. मग दुसरीने. “किती वेगळी कल्पना!” ती माझ्याकडे वळून म्हणाली. मी हसले. पदर सारखा करत राहिले. जे मी दोन दोन ब्लाउज घालून लपवलं होतं, त्याला माझ्यादेखत लोक हात लावत होते, आणि कुणालाच ते माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणून लाज कमी व्हायला हवी होती. झाली नाही.

सकाळी चहा करताना मी विचारलं, “मला विचारलं का नाहीस?”

तो काय ते लगेच समजला. म्हणजे रात्रभर त्यालाही ते टोचत असणार. “विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणूनच विचारायचं असतं.”

“माझ्यासाठी तीच त्या चित्रातली सगळ्यात शूर...”

“मला शूर व्हायचं नव्हतं. मला कामावर जायचं होतं, म्हणून शिवली होती.”

त्याने कप ओट्यावर मांडले. मग म्हणाला, “संध्याकाळी गेलो की काढतो.”

संध्याकाळपर्यंत मला थांबवेना. येणारा जाणारा दाबून बघणार, या विचाराने कचेरीत एकही कागद धड वाचता येईना. जेवणाच्या सुट्टीत रिक्षा केली आणि पर्समध्ये कात्री घेऊन प्रदर्शनाच्या हॉलवर गेले. आत कुणी नव्हतं. दाराशी वही घेऊन बसणारा माणूस डबा खायला गेला होता.

मी टाके कापायला लागले. त्याने मजबूत शिवलं होतं. कात्री घसरली, कापडात शिरली आणि पिशवी फाटली. मोहरी खळकन फरशीवर सांडली आणि सगळीकडे पळाली. मी गुडघ्यांवर बसून गोळा करायला लागले.

तेवढ्यात कॉलेजच्या दोन मुली आत आल्या.

“काकू, पडलं का? घाबरू नका,” एक म्हणाली. “आपोआप निघालं म्हणून सांगू आपण.”

चोरी पकडली जावी तसं मला झालं. कान तापले. खोटं बोलायची सोय तिने आयती करून दिली होती. पण तोंडून निघालं, “नाही. हे माझंच आहे.”

“तुम्ही आर्टिस्ट?”

“नाही,” मी म्हटलं. “मी हे वापरायचे.”

तिला काही कळलं नाही. दुसरीने मात्र हातातल्या पिशवीकडे पाहिलं, चित्रातल्या बाईकडे पाहिलं, आणि मग फक्त माझ्या तोंडाकडे. नजर खाली येऊ दिली नाही तिने. ती खाली बसली, फरशीवरची मोहरी तळहाताने ओढून आणली आणि माझ्या पर्सचं तोंड उघडून धरलं. ऑपरेशननंतर घरची माणसं आणि डॉक्टर सोडून हे कळलेली ती पहिलीच. तिला मी पुन्हा पाहिलंही नाही.

संध्याकाळी नवरा परतला तो अवघडून. त्या जागी सुकलेला गोंद आणि टाक्यांची भोकं राहिली होती. ती पाहून कुणीतरी त्याला म्हणालं होतं, आता चित्र खरं पूर्ण झालं, असंच ठेवा. त्याने मान खाली घालून विचारलं, “ठेवू का?”

मला ती रिकामी जागा डोळ्यांसमोर दिसली. आता तर ती बाई अगदी माझ्यासारखी झाली होती. माझ्याच हातांनी मी तिला तशी केली होती.

“नको,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने चित्र उतरवून आणलं. सर्कशीकडे तो पुन्हा वळला नाही. हल्ली घरातली कुठलीही वस्तू घ्यायची तर विचारतो. परवा चहाची गाळणी घेऊन दारात उभा होता, शाळेतल्या मुलासारखा. “ही चालेल?” मी कधी कधी उगाचच नाही म्हणते. तो गाळणी निमूटपणे ओट्यावर ठेवतो आणि जातो.

लाज गेली असं म्हणवत नाही. कचेरीतल्या त्या दोघी अजून त्या चित्राचं कौतुक करतात. मी मान हलवते आणि समोरचं काम पुढे ओढते.