राहनाळच्या मीटिंगमध्ये बोललेला माणूस

आमच्या घरात कुणाला साधा ताप आला तरी आई आधी मीठ-मोहऱ्या ओवाळायची, आणि मी तिच्यावर हसायचो. भूतबित, बाहेरचं, भास... कुणी सांगायला लागलं की मी सरळ विचारायचो, "किती घेतली होतीस?" आता हाच प्रश्न तुम्ही मला विचाराल, म्हणून आधीच सांगून टाकतो — त्या रविवारी मी घेतली नव्हती. सोडून चौथा दिवस होता.

मी भिवंडीत टेम्पो चालवतो. दापोड्याच्या गोडाऊनमधून माल उचलायचा आणि दुकानांना पोचवायचा. किती प्यायचो ते सांगत नाही, लाज वाटते. एवढंच की गेल्या वर्षी माझी बायको जयश्री आमच्या सात वर्षांच्या तन्वीला घेऊन वज्रेश्वरीला माहेरी निघून गेली. जाताना म्हणाली, "आधी त्या दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जा. मंग मला न्यायला ये. न्हायतर येऊच नको."

मीटिंग शोधणं हाही एक वैतागच! पहिली शहरात होती, सगळी पॉवरलूमवाली मंडळी, हिंदीत बोलणारी. माणसं चांगली असतील, पण आत डोकावलो तर आमच्या गोडाऊनचा मॅनेजरच बसलेला! तसाच उलट्या पावली परत. दुसरी संध्याकाळी सातला, नेमकी माझ्या लोडिंगच्या वेळेला. शेवटी हेल्पलाइनवाल्याने राहनाळची सांगितली — रविवारी सकाळी अकरा, मराठीत. म्हणाला, "दादा, जाऊन तर बघा. तिथे तुमचीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळेल."

गोडाऊनच्या रांगेमागे, एका ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या वरची खोली. प्लास्टिकच्या सात-आठ खुर्च्या, चहाचा थर्मास. मीटिंग चालवणारे मधुकाका, साठीचे, बारा वर्षं न प्यायलेले. त्यांनी नियम सांगितला: एक जण बोलेल, बाकीचे ऐकतील. मध्ये प्रश्न नाही, नंतर सल्ला नाही, बाहेर चर्चा नाही. मी तोंड उघडायचंच नाही असं ठरवून भिंतीला टेकून बसलो.

मग खिडकीजवळचा एक माणूस बोलायला लागला. मागून ऊन येत होतं, त्याचा चेहरा नीट दिसेना. आवाज बसलेला. म्हणाला, "पोरीच्या डाव्या हाताला प्लास्टर होतं. मी बायकोशी भांडून टेम्पोत बसलो. प्यायलेला होतो. रिव्हर्स टाकला. उतरून बघितलं न्हाय..." पुढे त्याला बोलताच येईना. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. चहाला न थांबता मी खाली उतरलो. परत इथे पाय ठेवायचा नाही! असल्या गोष्टी ऐकून माणूस उलट जास्त पिईल. आणि खरंच, त्याच आठवड्यात मी परत सुरू केली. जयश्रीला फोनवर मात्र सांगत राहिलो, जातो मीटिंगला.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. तन्वी शाळेत झोपाळ्यावरून पडली, हात मोडला. टेन्शनमध्ये मी वाटेत अंबाडीला एक क्वार्टर मारली. सासुरवाडीच्या अंगणात टेम्पो लावला, ओटीवर प्लास्टर घातलेली तन्वी दिसली आणि जयश्रीला लगेच वास आला. "पोरीचा हात मोडलाय आन् तू पिऊन आलास? चालता हो!" दुपारची वेळ, सासरे, शेजारीपाजारी सगळे बघतायत. माझं डोकंच फिरलं. टेम्पोत बसलो, किल्ली फिरवली, रिव्हर्स टाकला.

आणि तो बसलेला आवाज अगदी कानाशी आला — डाव्या हाताला प्लास्टर होतं. तन्वीचाही डावाच हात! आई शप्पथ, तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ब्रेकवरून पाय उचलवेना. गाडी बंद केली आणि उतरून मागे गेलो.

तन्वी मागच्या फाळक्याची कडी एका हाताने धरून वर चढायला बघत होती. पाय चाकाला टेकलेले. म्हणाली, "बाबा, मी पण येते." मी तिथेच मातीत बसलो आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. त्यानंतर आजपर्यंत थेंब घेतलेला नाही.

पुढच्या रविवारी राहनाळला गेलो, त्या माणसाचे पाय धरायला. जयश्रीही तन्वीला घेऊन आली. मी खरंच मीटिंगला जातो की थापा मारतो, ते तिला बघायचं होतं.

मधुकाका दारातच होते. त्यांनी तन्वीकडे बघितलं, तिच्या प्लास्टरकडे बघितलं आणि चौकट धरली. "ही कोण?"

"माझी मुलगी, काका."

"दुसरी?"

"एकच हाय."

काका मटकन खाली बसले. तन्वीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "अरे, मंग त्या दिवशी तू काय सांगितलंस? प्लास्टर, टेम्पो, रिव्हर्स... तूच बोललास ना! मी सोता तुला पाणी दिलं. विचारायचा नियम न्हाय, म्हणून कुणी काय विचारलं न्हाय. महिना झाला, मला झोप न्हाय... एवढ्याशा वयाची लेक गेली याची, म्हणून."

"मी नाही काका, तो खिडकीजवळचा —"

"खिडकीजवळ तूच होतास, बाबा."

आत बसलेल्या दोघांनी मान डोलावली. जयश्रीने तन्वीला जवळ ओढून घेतलं.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, दारू सोडल्यावर पहिल्या आठवड्यात भास होतात, माणूस काहीबाही बोलतो, नंतर आठवत नाही. मान्य! पण हात तर तीन आठवड्यांनी मोडला. आणि डावाच कसा?

जयश्री परत आली. टेम्पो मागे घ्यायचा असला की ती स्वतः मागे उभी राहून "येऊ दे, येऊ दे" करते. सासू म्हणते देवीने वाचवलं, मित्र म्हणतात डोक्याचा खेळ. मला अजून कशानेच उलगडा झालेला नाही.

दर रविवारी मी मीटिंगमध्ये माझी गोष्ट सांगतो. रिव्हर्सपाशी आलो की थांबून घोटभर पाणी पितो. "उतरून बघितलं" हे शब्द बाहेर पडेपर्यंत मला खात्री नसते... कारण एकदा तरी याच तोंडाने दुसरं सांगितलंय.