भेकरं खात नाहीत अशी झाडं

गौरी आणायच्या दिवशी शेजारच्या सुमनकाकी रिकामं सूप घेऊन आमच्या घरामागच्या उतारावर उभ्या होत्या. त्या इकडेतिकडे काहीतरी शोधत होत्या.

त्या गर्द सावलीतल्या उतारावर मी लावलेलं सगळं रानातली भेकरं खाऊन जायची. पोरांइतकी लहान हरणं, पण गुलाबाचं एक पान शिल्लक ठेवतील तर शपथ! मग मीही इरेला पेटले. बकरीसुद्धा तोंड लावत नाही तो अडुळसा आणला, उग्र वासाची निरगुडी आणली, मधेमधे खाजरा सुरण लावला. भेकरांना इकडे फिरकायला कारणच नको, म्हणून आपोआप उगवणारा तेरडा मुळासकट उपटून टाकला.

"गौर कुठाय गं?" काकींनी विचारलं.

आमच्या गावात गौर म्हणजे तेरड्याचीच रोपं. बायका ती याच उतारावरून वाजतगाजत घरी नेतात. गेल्या वर्षी त्यांच्यात मीही होते. टाळ्या वाजवत होते!

"भेकरं यायची म्हणून तेरडा उपटला," मी कशीबशी म्हणाले.

काकींनी सूप काखेत धरलं. "अगं, ती तर कायमच खातायत. खाऊन आम्हाला उरायचा की."

त्या खाली उतरून गेल्या. मी आजूबाजूला पाहिलं. कुणी तोंड लावू नये, एवढं एकच बघून निवडलेली बाग. एक पान कुरतडलेलं नव्हतं, आणि काकींच्या सुपात घालायला माझ्याकडे एक रोप नव्हतं.